रमलेल्या मुलाला हाक मारू नका: घरून काम आणि लहान मुलाचे शिकणे

नमस्कार. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून मी तुमच्याशी बोलते आहे. गेले दोन महिने तुमच्याकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो आहे. घरून काम करायचे, मूल तीन-चार वर्षांचे, त्याच्या हातात मोबाइल द्यायचा नाही आणि त्याचे शिकणेही मागे पडू द्यायचे नाही, हे सगळे एकाच वेळी जमवायचे कसे? मी काही छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते, त्यामुळे दर महिन्याची ११ आणि २० तारीख आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. मुलगी आता साडेचार वर्षांची आहे. जे सांगणार आहे ते या दोन गोष्टी एका छताखाली सांभाळताना हाती लागलेले आहे.

प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून त्यांवर फार वेळ घालवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप आणि किमान १८० मिनिटे हालचाल हवी, आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासापेक्षा जास्त नसावा. तो जितका कमी तितका चांगला. खेळण्यांनी भरलेल्या टोपलीपेक्षा मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर मांडलेल्या पाच-सहा वस्तू जास्त उपयोगी पडतात. कामाला बसण्यापूर्वी वीस मिनिटे पूर्णपणे मुलाची असावीत आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत असावा. ही वीस मिनिटे गाळून थेट लॅपटॉप उघडला, तर पुढचे काहीच साधत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

इतके बहुतेक घरांत होते. अडते ते पुढच्या पायरीवर, आणि आजचा व्हिडिओ त्या एका पायरीसाठीच आहे. मूल एखाद्या गोष्टीत रमले की त्याला हाक मारायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, आणि शाबासकीसुद्धा द्यायची नाही.

शाबासकीसुद्धा नाही, हे ऐकून अनेक जणींनी मला रागावून लिहिले आहे. त्यांचा राग मी समजू शकते, कारण ही चूक मी स्वतः वर्षभर केली आहे.

ही वाटी पाहा. मागच्या हिवाळ्यात बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या आणि आमच्याकडे लीलवा कचोरीचा बेत होता. मुलगी स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलत होती आणि मी शेजारच्या खोलीत एका व्यापाऱ्याची बिले तपासत होते. काम अपेक्षेपेक्षा दहा मिनिटे आधी संपले. सकाळपासून आपण मुलीला काहीच शिकवले नाही, ही टोचणी मनात होतीच, म्हणून लगेच तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारू लागले, "किती दाणे निघाले गं? मोज बरं. ह्याचा रंग कोणता? एका शेंगेत किती दाणे असतात?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिने दिली, तिसऱ्याला ती उठली, "आता तू सोल" म्हणाली आणि निघून गेली. पुढचा पाऊण तास ती माझा पदर सोडायला तयार नव्हती आणि मला एकही बिल पाहता आले नाही.

मी प्रश्न विचारण्याआधी ती काय करत होती, हे मी दारातून पाहिले होते, पण त्याचे मोल मला तेव्हा कळले नव्हते. शेंग ज्या बाजूने फुगलेली असते तिथे अंगठ्याने दाबून ती उघडत नाही, शिवणीच्या रेषेवर नख लावले तरच उघडते, हे तिने स्वतः शोधले होते. पहिल्या पाच-सहा शेंगा तिने चुरगाळून टाकल्या होत्या. त्यानंतर प्रत्येक शेंग उचलली की आधी ती बोटांमध्ये फिरवून शिवण वर आणायची, मग नख लावायचे, असा तिचा क्रम बसला होता. एखादी गोष्ट फसली, कारण कळले, पद्धत बदलली, आणि बदललेली पद्धत प्रत्येक वेळी आठवणीने वापरली. साडेतीन वर्षांच्या मुलीने इतके काही केले होते आणि मी तिला रंग विचारत होते.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्तेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले. तिथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे, म्हणजे लहानमोठे दंडगोल ठोकळे, त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवत होती, पुन्हा काढत होती आणि पुन्हा बसवत होती. तिची एकाग्रता किती आहे हे पाहण्यासाठी मॉन्तेसरींनी इतर मुलांना गायला सांगितले आणि नंतर ती ज्या खुर्चीत बसली होती ती खुर्चीच उचलून टेबलावर ठेवली. मुलीने दट्टे मांडीवर घेतले आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले, आणि थांबली तेव्हा दमलेली नव्हती, तर झोपेतून उठल्यासारखी टवटवीत होती. तुमच्या घरात लाकडी दट्टे नसतील, पण शेंगा आहेत, चिमटे आहेत, घडी घालायचे रुमाल आहेत आणि छोट्या तांब्यातून वाटीत ओतायला पाणी आहे. वस्तू कोणतीही चालते, मुलाची तंद्री मोडता कामा नये.

आता हीच गोष्ट तुमच्या कामाच्या बाजूने पाहा, कारण अनेक जणी विचारतात की मूल दर दोन मिनिटांनी का बोलावते. मूल रमलेले असताना आपण दर पाच मिनिटांनी जाऊन "वा, किती छान!" म्हणतो, तेव्हा प्रत्येक कृतीनंतर आईकडे पाहायचे असते, ही सवय आपणच त्याला लावतो. मग आई उठून आली नाही की ते आईकडे येते. तुम्ही ऑफिसच्या फोनवर असता, ते पदर ओढत असते आणि तुम्हाला वाटते की मूल हट्टी आहे. मी शाबासकी आणि प्रश्न दोन्ही बंद केले तेव्हा आमच्या मुलीचे एकटीने रमणे जेमतेम सात-आठ मिनिटांचे होते. दोन महिन्यांनी ते अर्ध्या तासावर गेले. त्या अर्ध्या तासात मी जेवढे काम करते, तेवढे पूर्वी सबंध सकाळीत होत नसे. म्हणजे मुलाचे शिकणे आणि आईचे काम ही दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणार, ही समजूत निदान या बाबतीत खरी नाही. ज्या अर्ध्या तासात मुलगी सर्वांत जास्त शिकते, त्याच अर्ध्या तासात माझे सर्वांत जास्त काम होते.

एक अडचण बडोद्यात विशेष येते. आमच्या वाड्यात दारे उघडी असतात. शेजारच्या बा, म्हणजे आजी, प्रेमाने डोकावतात, "शुं करे छे, बेटा?" असे विचारतात आणि मुलगी हातातले टाकून धावते. आमच्या सासूबाई शिक्षिका होत्या, त्यांनाही नातीला रमलेले पाहून काहीतरी विचारल्याशिवाय राहवत नसे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एक दिवस त्यांना फक्त दारात खुर्ची टाकून अर्धा तास पाहायची विनंती केली. त्यानंतर त्यांनी एक वही घातली आणि नात काय करते ते त्या तारीखवार लिहू लागल्या. त्या वहीत मला माझ्या मुलीबद्दल अशा गोष्टी वाचायला मिळतात ज्या मी कधीच पाहिल्या नसत्या.

तिसरी बाजू शिकवण्याची. "मग आम्ही शिकवायचे कधी?" असे विचारणारे बाबा बरेच आहेत, आणि प्रश्न रास्त आहे. शिकवायचे, पण नंतर. आंघोळ घालताना, जेवताना, दुपारी शेजारी पडल्यावर. "सकाळी शेंग कशी उघडत होतीस ते मला सांग ना," असे म्हटले की मूल सांगू लागते, शब्द शोधते, अडखळते, आपण एखादा शब्द पुरवतो. हे बोलणे म्हणजेच भाषेचा पाठ आहे.

भाषेवरून आमच्या घरी घडलेली एक गोष्ट सांगते. मुलगी खिडकीशी दाणे मांडत होती आणि स्वतःशीच बोलत होती, "चकली आली, चकलीने दाणा खाल्ला, चकली भुर्र उडाली." गुजरातीत चिमणीला चकली म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्या बाबांनी आतून दुरुस्त केले, "चकली नाही बाळा, चिमणी म्हणायचं. चकली आपण दिवाळीत खातो." गोष्ट तिथेच थांबली. तिने दाणे गोळा केले आणि गप्प बसली. लहान मुले काम करताना मोठ्याने स्वतःशी बोलतात ते निरर्थक नसते, त्या बोलण्यातून ती स्वतःच्या कृतीला वळण लावत असतात, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी दाखवले आहे. घरात मराठी, अंगणात गुजराती आणि पुढे शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाने शब्दांची सरमिसळ केली तर घाबरू नका. त्याच रात्री मी तिला चिऊताईची गोष्ट सांगितली आणि तीत चिमणी हा शब्द दहा वेळा आला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बांना सांगू का, त्यांच्या चकलीला आपण चिमणी म्हणतो?" दोन्ही शब्द तिच्याकडे राहिले.

"साडेचार वर्षांची झाली आणि अजून अक्षर लिहीत नाही?" असे काही प्रेक्षकांनी काळजीने विचारले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच पहिलीत प्रवेश मिळतो. हे नवे वाटत असेल तर आपल्याच शहराचा इतिहास पाहा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शिक्षणाबद्दल इतका आग्रह धरणाऱ्या त्या कायद्यातही सक्तीचे वय सातव्या वर्षापासून होते. ताराबाई मोडक यांच्यासारख्या मराठी बाईंनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून मग महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवले, त्यांचाही भर मुलाच्या हातांवर आणि अनुभवावर होता. शेंगेच्या शिवणीवर नेमके नख लावणारी बोटे पेन्सिलही धरतील.

मर्यादाही स्पष्ट सांगते. दोन वर्षांखालच्या बाळाबरोबर हे जमणार नाही, तिथे दुसरे मोठे माणूस लागतेच. मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल तर तुरीचे, वालाचे किंवा हरभऱ्याचे दाणे त्याच्या हाती देऊ नका, ते घशात अडकू शकतात. त्याला चमचे, वाट्या, रुमाल द्या. पाण्याचा खेळ तुमच्या नजरेसमोरच असू द्या. आणि ज्या कामात सतत फोनवर बोलावे लागते ते एकटीने मूल सांभाळत होत नाही. ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस मीही सासूबाईंची पूर्ण मदत घेते. ज्या ताई आस्थापनांत नोकरी करतात त्यांनी हे सगळे स्वतःच्या कमतरतेवर घेऊ नये. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. हा तुमचा हक्क आहे, तो मागताना संकोच करू नका. एका प्रेक्षक ताईंनी लिहिले होते की पाळणाघराचा विषय काढल्यावर त्यांना घरी बसण्याचा सल्ला मिळाला. ते वाचून मला फार वाईट वाटले.

शेवटचा प्रश्न, जो सर्वांत जास्त वेळा आला आहे: इतके करूनही मूल कामाच्या मध्येच आले तर? आमच्याकडे ठरलेले आहे की तिने न बोलता माझ्या मनगटावर हात ठेवायचा. मी लगेच माझा दुसरा हात तिच्या हातावर ठेवते, म्हणजे तू आलीस हे मला कळले आहे. हातातली नोंद पूर्ण करते आणि मग लॅपटॉपवरची नजर काढून पूर्णपणे तिच्याकडे वळते. सुरुवातीला ती नोंद दहा सेकंदांतच संपवायची, कारण मुलाला पहिल्यांदा कळायला हवे की हात ठेवला की आई खरोखरच वळते. नजर पडद्यावर ठेवून "हं, हं" म्हणायचे नाही. आठवडाभर आमची मुलगी हात ठेवून लगेच बोलायची, मग हात ठेवून थांबू लागली. परवा तिने हात ठेवला, थोडा वेळ उभी राहिली, आणि मी वळायच्या आतच काहीतरी आठवल्यासारखी परत आपल्या पाटावर जाऊन बसली. काय विचारायचे होते ते मी तिला हाक मारून विचारले नाही. रात्री जेवताना तिने आपणहून सांगितले, की एका शेंगेत एकही दाणा नव्हता आणि असे का, हे तिला विचारायचे होते.