माल कुठे अडकला होता?

दोन देशांमधला व्यापार वाढावा म्हणून मंडळ उभं करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत एक कागद फिरतो. त्यावर नावं असतात, दोन्ही देशांतल्या बड्या कंपन्यांच्या प्रमुखांची, उलाढालीच्या क्रमानं. अशा मंडळांसाठी माणसं शोधण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, आणि तो कागद दर वेळी माझ्या हातात आला. आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे. मंडळ काम करणार की लेटरहेडपुरतं उरणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

उलाढालीच्या क्रमात अडचण अशी, की फार मोठ्या उद्योगाचं मंडळावाचून काही अडत नाही. त्याला मंत्र्यांची वेळ थेट मिळते, त्याचे वकील दोन्ही राजधान्यांत असतात. बोलावणं आलं, नाही कसं म्हणायचं, म्हणून तो येतो. पहिल्या बैठकीला प्रमुख स्वतः असतात, दुसरीला उपाध्यक्ष येतात, तिसरीला जनसंपर्क विभागातला एखादा तरुण अधिकारी वही घेऊन बसतो. तो हुशार असतो, पण ‘हे आम्ही करू’ असं म्हणण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो. अशी सात-आठ माणसं जमली की बैठकीत भाषणं होतात, निर्णय होत नाहीत.

म्हणून मोठी माणसं नकोतच, असं मात्र मी म्हणत नाही. डोनाल्ड केंडॉल यांचं उदाहरण घ्या. पेप्सिकोचे प्रमुख, म्हणजे कोणत्याही यादीत वरच्या रांगेत बसणारं नाव. १९७२ मध्ये त्यांच्या कंपनीनं सोव्हिएत संघाशी करार केला. रुबल बाहेर चालत नव्हता, म्हणून पेयाच्या अर्काच्या बदल्यात स्तोलिच्नाया व्होडका अमेरिकेत विकायला घ्यायची, असा तो व्यवहार होता. १९७३ मध्ये अमेरिका-सोव्हिएत व्यापार व आर्थिक परिषद स्थापन झाली, तेव्हा अमेरिकी बाजूचं सहअध्यक्षपद केंडॉल यांच्याकडे गेलं. पुढे अमेरिकेच्या कायद्यानं व्यापारी सवलती स्थलांतराच्या, म्हणजे नागरिकांना देश सोडून जाऊ देण्याच्या, स्वातंत्र्याशी बांधल्या, आणि जानेवारी १९७५ मध्ये सोव्हिएत संघानं १९७२ चा व्यापार करारच नाकारला. परिषद मात्र मोडली नाही. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण साधं आहे. तिच्यात बसलेल्या काहींचा माल आणि येणी खरोखर त्या देशात होती. केंडॉल यांचा स्वार्थ सगळ्यांना दिसत होता आणि मला तो दोष वाटत नाही. उघड, लेखी नोंदवलेला स्वार्थ माणसाला वाईट वर्षांतही खुर्चीवर बसवून ठेवतो.

वाईट वर्षं येतातच, हे धरूनच निवड करावी लागते. पश्चिम जर्मनीतल्या उद्योगांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी १९५२ मध्ये समिती नेमली, तेव्हा त्यांच्या देशाचे मॉस्कोशी राजनैतिक संबंधही नव्हते. ते आले १९५५ मध्ये. त्याच वर्षी समितीचं अध्यक्षपद ओटो वोल्फ फॉन अमेरोंगन यांच्याकडे आलं आणि २००० पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. त्या काळात काय काय झालं पाहा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नाटोतल्या मित्रराष्ट्रांच्या दबावाखाली सोव्हिएत संघाला मोठे पोलादी पाइप विकण्यावर बंदी आली आणि झालेले सौदे रद्द झाले. फेब्रुवारी १९७० मध्ये एसेन शहरात त्याच पाइपांचा आणि सोव्हिएत नैसर्गिक वायूचा मोठा करार झाला. पाइप मान्समानचे, वायू घेणार रुअरगास, कर्ज डॉइश बँकेच्या पुढाकारानं. बंदीपासून करारापर्यंतच्या काळात कुणीतरी फोन उचलत राहावं लागतं. एकाच माणसानं पंचेचाळीस वर्षं अध्यक्ष राहावं, हे मी सुचवणार नाही. त्यातून मंडळ बंदिस्त होतं, नव्या उद्योजकाला आत शिरायला फट राहत नाही. सदस्यांना तीन वर्षांची मुदत आणि ती फार तर एकदा वाढवून, हे मला योग्य वाटतं. पण सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपू देऊ नका, नाहीतर मागचं सगळं ठाऊक असलेलं कुणीच उरत नाही.

आता प्रत्यक्ष विचारायला कसं जायचं? इथे मी जरा थांबणार आहे.

निमंत्रणाचं पत्र आधी पाठवू नका. आधी भेटा. भेटीत मंडळाचा उद्देश, मानसन्मान, भोजनसमारंभ यांच्याबद्दल बोलू नका. एकच प्रश्न विचारा, ‘त्या देशात तुमचा माल शेवटचा कधी अडकला होता आणि कशामुळे?’ काही जण सहाय्यकाकडे पाहतात. काही जण म्हणतात, तिथली नोकरशाही फार वाईट आहे. हे उत्तर झालं नाही. ज्याला मंडळावर घ्यायचं तो सांगतो, की चाचणीचा अहवाल तिथल्याच प्रयोगशाळेचा हवा म्हणाले, कंटेनर बंदरात एकोणीस दिवस राहिला, विलंब आकार आम्ही भरला, आणि बँकेनं एलसीवरचं, म्हणजे कागद जुळले तरच पैसे देणाऱ्या बँकेच्या हमीपत्रावरचं, पेमेंट रोखलं कारण कागदावरचं वर्णन एका शब्दानं वेगळं होतं. घोडं कुठे पेंड खातं हे त्याला बोटावर दाखवता येतं. मग त्याला खरं सांगा, की वर्षातले दहा-बारा दिवस जातील, प्रवासखर्च तुमचा, आणि तुमच्या कंपनीचं स्वतंत्र काम इथे होणार नाही. एवढं ऐकूनही तो हो म्हणाला तर त्याच्या शब्दाला वजन आहे.

लहान आणि मध्यम निर्यातदारांची बाजू मी आग्रहानं मांडतो, त्यामागे हिशेब आहे. नव्या प्रमाणपत्राचा खर्च शंभर कंटेनर पाठवणाऱ्याला आणि एक कंटेनर पाठवणाऱ्याला साधारण सारखाच पडतो. पहिल्याला तो जाणवतही नाही, दुसऱ्याचा सौदा त्यातच बुडतो. म्हणजे अडथळा खरा कुठे आहे हे दुसऱ्यालाच आधी कळतं. त्याच्याबरोबर एखादा मालवाहतूक एजंट आणि परदेशी व्यवहार पाहणारा बँकर घ्या. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे, आणि त्यानुसार प्रत्येक सदस्य देशाला व्यापार सुलभ करण्याच्या कामासाठी राष्ट्रीय समिती ठेवावी लागते. नेमकी, कागदासकट मांडलेली तक्रार घेऊन जायला हे दार आहे. ‘नोकरशाही वाईट आहे’ एवढंच घेऊन गेलात, तर तिथे कुणी काय करणार?

सरकारचं काय, असं मला नेहमी विचारतात. २००५ साली सुरू झालेला भारत-अमेरिका सीईओ फोरम दोन्ही सरकारांनीच उभा केला, आणि त्याचं म्हणणं थेट वरपर्यंत पोचतं. अमेरिका-चीन व्यापारासाठी १९७३ मध्ये निघालेली अमेरिकी परिषद कंपन्यांच्या सभासदत्वावर चालली, आणि दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध यायच्या आधीच, १९७९ पूर्वी, ती कामाला लागली होती. माझा कल दुसऱ्या रचनेकडे आहे. सरकार नेमतं तेव्हा सरकार बदललं की यादी बदलते.

कायद्याची एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवा. एका धंद्यातले स्पर्धक एका टेबलाभोवती बसतात तेव्हा किमती, ग्राहकांची वाटणी, निविदा यांवर अक्षरही निघता कामा नये. विषयपत्रिका लेखी हवी, इतिवृत्त हवं आणि प्रत्येकाच्या हितसंबंधांची नोंद हवी. ज्याला ही नोंद अपमानाची वाटते, त्याला सोडून द्या.

शेवटी एका उद्योजिकेबद्दल सांगतो. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. पत्र पाठवून दोनदा विचारलं, दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा मी भेटायला गेलो आणि माल अडकण्याचा प्रश्न विचारला. त्या चाळीस मिनिटं बोलल्या, एकाच निर्जंतुकीकरण प्रमाणपत्राबद्दल. त्या मंडळावर आल्या. दोन वर्षांनी दोन्ही देशांचे संबंध बिघडले आणि तीन बड्या सदस्यांनी कळवलं की सध्या येणं उचित नाही. त्या बैठकीला पाच जण होते. समोरच्या देशातून आलेला मालवाहतूक एजंट आणि या बाई, दोघांनी दुपारभर बसून त्या प्रमाणपत्राचे दोन नमुने शेजारी ठेवून ओळीओळीनं जुळवले. सत्तावीस रकान्यांपैकी चारच वेगळे निघाले. त्या चार रकान्यांचा तक्ता दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना पाठवला. त्या दिवसाचं इतिवृत्त दीड पानाचं आहे, आणि नव्या सदस्याला मी अजूनही तेच पहिल्यांदा वाचायला देतो.