महिना कधी भरतो? भाडोत्री शिपायांची जुनी हस्तपुस्तके

[दृश्य : लाकडी ठशावरून छापलेले जुने जर्मन चित्र]

जमिनीत रोवलेली दोन लांब दांड्यांची हत्यारे, त्यांच्यावर आडवा टाकलेला एक भाला आणि त्या कमानीखालून एकेक करून पलीकडे जाणारी माणसे. सोळाव्या शतकातल्या जर्मन मुलखात भाडोत्री शिपाई म्हणून नाव नोंदवायचे, तर या कमानीतून जावे लागे. तिथे त्याचे नाव पटावर चढे आणि त्याने आणलेले हत्यारही पाहिले जाई, कारण हत्यार ज्याचे त्याने आणायचे होते. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा लान्ट्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भाडोत्री पायदळ शिपाई, पायी चालणारा शिलेदारच वाटेल. एकेक माणूस मोजण्यामागे आणखी एक कारण होते. पटावर खोटी नावे चढवून त्यांचा पगार खिशात घालणारे कप्तान त्या काळी काही कमी नव्हते.

या पेशाची रीतसर माहिती देणारी जी पुस्तके तेव्हा छापली गेली, त्यांत उल्म शहराच्या लेओनहार्ट फ्रॉन्सपेर्गर याचा युद्धग्रंथ मोठा मानला जातो. फौजेत न्यायाधिकारी म्हणून वावरलेल्या या माणसाचा ग्रंथ १५७१ ते १५७३ या काळात फ्रांकफुर्ट येथे तीन भागांत निघाला आणि त्यातली चित्रे योस्ट अम्मान याने काढली. शौर्यकथांच्या आशेने तो उघडणाऱ्याची काहीशी निराशा होईल, कारण त्याची बरीच पाने कोणत्या हुद्द्याच्या माणसाने काय करायचे, शपथ कशी घ्यायची आणि गुन्हा घडल्यास निवाडा कसा करायचा, यांतच खर्ची पडली आहेत. फौजेमागून चालणाऱ्या बायका, पोरे आणि नोकरचाकर, म्हणजे आपल्या भाषेत बाजारबुणगे, यांच्यावरही एक अधिकारी नेमलेला असे. त्याच्या जर्मन हुद्द्याचा शब्दशः अर्थ ‘वेश्यांचा हवालदार’ असा होतो. त्या बायकांत शिपायांच्या लग्नाच्या बायकाही असत, हे त्या नावावरून कुणाच्या ध्यानात येणार नाही.

[दृश्य : नाणी, पगाराचे टेबल, रांगेत उभे शिपाई]

या सगळ्याच्या मध्यभागी होता तो करारनामा. भरती झालेल्या शिपायांना तो वाचून दाखवीत आणि त्यावर शपथ घेत. देवळे लुटू नयेत, बाळंतिणींना हात लावू नये, अशी कलमे त्यात असत. परंतु भांडणे होत ती पगारावरून. साध्या शिपायाला महिन्याला ४ गुल्डन (तेव्हाचे जर्मन नाणे) मिळत आणि पहिल्या फळीत उभ्या राहणाऱ्या कसलेल्या माणसाला त्याच्या दुप्पट. मग महिना कधी भरतो, हा प्रश्न उभा राही. लढाई जिंकली किंवा तटबंदीचे शहर सर केले, की चालू महिना तिथेच संपला असे धरून नवा महिना सुरू करावा, अशी शिपायांची मागणी असे, आणि पगार देणाऱ्याला ते परवडत नसे. हा वाद क्षुल्लक वाटेल, पण जीव धोक्यात घालून केलेल्या कामाचे मोल दिवसांवर ठरवायचे की कामगिरीवर, हाच त्यातला प्रश्न होता, आणि माझ्या मते या पुस्तकांचा खरा विषयही तोच आहे.

करार कितीही नेटका असला, तरी पैसे संपले की तो संपे. गेओर्ग फॉन फ्रुन्ड्सबेर्ग या नामांकित सेनानीने स्वतःची मालमत्ता गहाण टाकून सुमारे १२,००० माणसे सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी उभी केली आणि त्यांना आल्प्स पार करून इटलीत नेले. मार्च १५२७ मध्ये बोलोन्याजवळ थकलेल्या पगारासाठी त्याच माणसांनी बंड केले. त्यांची समजूत घालता घालता या म्हाताऱ्याला झटका आला आणि तो खाली बसला, तो पुन्हा फौजेपुढे उभा राहिला नाही. पगार न मिळालेली ती फौज पुढे सरकली आणि ६ मे रोजी तिने रोम लुटले.

[दृश्य : बंदूक भरणाऱ्या शिपायाची क्रमवार चित्रे]

पुढच्या शतकात हस्तपुस्तकांचे रूप पालटले. याकोब द खेन या डच चित्रकाराने १६०७ मध्ये हेग येथे प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ११७ चित्रे आहेत : ४२ हलक्या बंदुकीची, ४३ जड बंदुकीची आणि ३२ भाल्याची. डच फौजेत इंग्रज, स्कॉट, जर्मन, फ्रेंच असे नाना देशांचे पगारी शिपाई होते, तेव्हा भाषेवाचून समजणारी कवायत त्यांना सोयीचीच होती.

सर जेम्स टर्नर या स्कॉटिश अधिकाऱ्याने तरुणपणी स्वीडनच्या चाकरीत जर्मनीतली युद्धे पाहिली आणि १६७० व १६७१ मध्ये युद्धकलेवर लिहिलेले त्याचे निबंध १६८३ मध्ये लंडनला छापले गेले. आठवणींत मात्र तो अधिक मोकळा आहे. धन्याची चाकरी इमानाने केली म्हणजे धनी कोण आहे याला महत्त्व नाही, हे घातक तत्त्व आपण जर्मनीत न चावताच गिळले, असे तो लिहितो. १६४० मध्ये मायदेशी परतताना त्याला इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या बाजूला नेणारे जहाज चुकले, म्हणून तो दुसऱ्या जहाजाने एडिंबरोला उतरला आणि राजाच्या विरोधकांच्या फौजेत दाखल झाला.

[दृश्य : शनिवारवाडा, मग कवायती पलटणीचे चित्र]

थकलेल्या पगाराचे निमित्त मराठी माणसाला नवे नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात शिरलेले गारदी पगारच मागत आले होते, आणि त्याचा शेवट नारायणराव पेशव्यांच्या खुनात झाला. पुढे महादजी शिंद्यांकडे कवायती कंपू उभारणाऱ्या डी बॉईन या साव्हॉयच्या सेनानीने खर्चासाठी दोआबातला मुलूख तोडून घेतला, आणि पगार वेळेवर होत असल्याची त्याच्या पलटणींची ख्याती झाली. लढाईत अपंग झालेल्या शिपायाला अर्ध्या पगाराचे निवृत्तिवेतनही मिळे. ही माहिती देणारा लुईस फर्डिनंड स्मिथ स्वतः शिंद्यांच्या चाकरीत अधिकारी होता. १८०३ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांच्या फौजेतल्या आपल्या प्रजाजनांना पगाराची हमी देऊन बोलावले आणि तोही तिकडे गेला. शिंद्यांच्या कंपूंचा वृत्तांत सांगणारे त्याचे पुस्तक १८०५ मध्ये निघाले, ते कंपनी सरकारच्या कलकत्त्यात.