दोष तर्रीचा नाही

नागपुरात पोट बिघडलं की आरोपी ठरलेले. सकाळचे तर्री पोहे, नाहीतर रात्रीचा सावजी रस्सा.

(दृश्य: एन्डोस्कोपीची खोली)

"जेवलो का आगच पडते पोटात," हे काका सांगतात. तिखट त्यांनी कधीचंच सोडलंय.

दुर्बीण जठरात उतरली. हा लालसर भाग दिसतोय? तिथून चिमट्यानं तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढला आणि थेट पिवळ्या जेलमध्ये टाकला. आता जेलकडे बघा. त्यात युरिया आहे. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी असेल, तर तो जंतू युरिया फोडून अमोनिया करतो आणि पिवळं जेल गुलाबी होत जातं. जठरातल्या आम्लात तो तग धरतो तोही याच अमोनियाच्या जोरावर. दुखण्याच्या गोळ्या सतत घेणारे सोडले, तर अल्सरमागे बहुतेकदा हाच असतो. तिखटानं जळजळ वाढेल, पण व्रण पडत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं)

ऑस्ट्रेलियात, पर्थला, रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना हा जंतू काही केल्या वाढवता येईना. जंतू वाढवायच्या बशा दोन दिवसांत टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीत त्या तशाच राहिल्या, आणि जंतू उगवला. तरी कोणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. नोबेल मिळालं २००५ मध्ये.

(दृश्य: सभागृह, शाल-श्रीफळ)

याच जंतूवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना मिळालेला हा पुरस्कार एका दिवंगत शिक्षकांच्या स्मृतीचा, विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सुरू केलेला. संशोधन पचनविकारांवर हवं आणि आपल्याच रुग्णांवर हवं. भाषणं बरीच झाली. आपण डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत जाऊ.

(दृश्य: बशा, जवळून)

जंतूंना वाढायला रक्त मिसळलेलं आगर (जेलीसारखा थर), ३७ अंश उष्णता, ऑक्सिजन अगदी कमी. एवढे लाड पुरवूनही काही दिवस वाट पाहावीच लागते. मग टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. त्यांच्यावर औषधाच्या पट्ट्या ठेवतात. पट्टीभोवती मोकळी जागा राहिली, तर औषध लागू. या पट्टीला मात्र जंतू खेटून वाढलाय. ही मेट्रोनिडाझोलची, म्हणजे जुलाबावरच्या गोळीतल्या औषधाची. जुलाब लागले की दुकानातून दोन गोळ्या आणायची आपली सवय जंतूच्या चांगलीच पथ्यावर पडली आहे.

उपचार साधारण १४ दिवसांचे, मध्येच सोडायचे नाहीत. दुर्लक्ष झालं तर रक्तस्राव, काहींना कर्करोगही.

पुरस्काराच्या रकमेचं काय करणार, असं डॉक्टरांना मंचावरच विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, "पट्ट्या संपत आल्यात."