शकिरा: कंबर राहू द्या, कान पाहा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'शकिराचा गळा'. त्याकडे येतोच. पण गळ्याच्या आधी कान येतो, आणि या बाईच्या कानाकडे कुणी बघतच नाही. कोलंबियाच्या या पॉप गायिकेबद्दल चार वाक्यं बोला म्हटलं, तर तीन कमरेवर जातात. २५ मार्च २००७ला ती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात गाऊन गेली, तेव्हाही आपली चर्चा कमरेच्या वर सरकली नाही. आज ती सरकवायची आहे. हसा, पण लक्ष द्या.

चरित्र तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. जन्म २ फेब्रुवारी १९७७, कोलंबियातलं बारांकिया. मॅग्दालेना नदी कॅरिबियन समुद्राला मिळते तिथलं हे बंदर. वडिलांचं घराणं मूळचं लेबनॉनचं, त्यामुळे अरबी ताल घरातलाच. गावात वर्षाला मोठं कार्निव्हल. शिवाय तिथे 'पिको' नावाची चीज आहे: रंगवलेल्या भिंतीएवढे स्पीकर गल्लीत उभे करायचे आणि आफ्रिकेतून आलेल्या तबकड्या वाजवायच्या. आपल्या डीजेच्या भिंतींना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा जाऊन यावं. अशा गावात वाढलेल्या पोरीचा कान कसा तयार होणार, सांगा.

सुरुवातीला मात्र या कानाला कुणी विचारलं नाही. १९९१चा 'माहिया' आणि १९९३चा 'पेलिग्रो', दोन्ही अल्बम पडले. १९९५च्या 'पिएस देस्काल्सोस'मध्ये सूत्रं तिच्या हाती आली, संगीतकार लुईस फर्नांदो ओचोआ जोडीला होता, आणि गाडी रुळावर आली. पुढच्या अल्बमच्या वेळी बोगोताच्या विमानतळावर तिची बॅग चोरीला गेली. आत नव्या गाण्यांचे कागद. तिने अल्बमचं नावच ठेवलं 'चोर कुठे आहेत?' १९९८ची गोष्ट. पुढे हिलाच लोक चोर म्हणू लागले, ते आता बघू.

'हिप्स डोन्ट लाय' घ्या. सुरुवातीची ती ट्रम्पेट तुमच्या कानात वाजलीच असेल. ती शकिराची नाही. १९९२ साली पोर्तो रिकोच्या जेरी रिव्हेराने साल्सा या लॅटिन नाचगाण्याच्या शैलीतलं एक हळवं, संथ प्रेमगीत गायलं, 'आमोरेस कोमो एल नुएस्त्रो'. रचना ओमार अल्फानोची. त्या गाण्याची ही तुतारी. २००४मध्ये हैतीत जन्मलेल्या रॅपर वायक्लेफ जीनने ती उचलून एका हॉलिवूडपटाच्या अल्बमसाठी गाणं केलं, सोबत गायिका क्लॉडेट ऑर्टिझ. गाणं आलं आणि गेलं. इकडे नोव्हेंबर २००५मध्ये शकिराचा दुसरा इंग्रजी अल्बम बाजारात आला, पण अपेक्षेइतका उठला नाही. तेव्हा वायक्लेफचं ते जुनं गाणं पुन्हा खोलून बांधलं. ट्रम्पेट ठेवली, शब्द नवे आणले, बारांकियाचं नाव गाण्यात घातलं आणि मधल्या स्पॅनिश ओळींसाठी डोमिनिकन रचनाकार लुईस दियासच्या कार्निव्हल गीताचा तुकडा जोडला. अल्बम २००६मध्ये हे गाणं घालून पुन्हा काढला. जूनमध्ये ते अमेरिकेच्या यादीत पहिलं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे नवे रीमिक्स करणारे इथेच अडकतात. ध्वनिमुद्रणात दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा, दुसरा मुद्रित आवाजाचा. जुन्या तबकडीवरचा तुकडा जसाच्या तसा कापून घेतलात तर दोन्हीकडून परवानगी लागते. तेच सूर स्टुडिओत वादक बसवून नव्याने वाजवून घेतलेत तर रचनेच्या हक्कावर भागतं. लोक कंपनीला पैसे देतात, रचनाकाराला विसरतात, आणि गाणं गाजलं की नोटीस येते. न गाजलेल्या गाण्यावर कुणी दावा लावत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता ताल. 'हिप्स डोन्ट लाय'खाली रेगेटनचा, म्हणजे कॅरिबियनकडच्या लॅटिन नाचगाण्याचा ठेका आहे. केहरव्याच्या आठ मात्रा मोजा. १ आणि ५ वर पाय, ४ आणि ७ वर टाळी. करून बघा. मागच्या रांगेत टाळी ५ वर पडतेय. तिथे पाय आहे. चौथ्यावर टाळी आली की ती पुढच्या पावलाच्या जराशी आधी पडते आणि अंग आपोआप ढकललं जातं. कंबर हलते ती या चौथ्या मात्रेमुळे. संथ साल्साची तुतारी या ठेक्यावर ठेवली की तीच चाल विरहाची न राहता आरोळीची होते. ही जोडणी ज्याला ऐकू आली त्याचा कान मोठा. वायक्लेफला ती आधी ऐकू आली, हे मान्य. पण ती कुठल्या गळ्यावर शोभेल, हे नंतर ठरलं.

बरं, इथेही ती थांबली नाही. ९ जुलै २००६ला बर्लिनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी हेच गाणं वेगळ्या साजात. ३१ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये पुन्हा तेच, आणि नृत्य बसवलेलं कुणी? आपल्या फराह खानने. पोर्तो रिको, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक, कोलंबिया आणि अंधेरी-वांद्रे, सगळे एका गाण्यात.

२०१०च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तिच्या 'वाका वाका'चंही तेच. मूळ कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्सचं १९८६चं 'सांगालेवा'. सैनिकांची टिंगल करणारं गाणं. पोटाला उश्या बांधून ते सादर करायचे. कोलंबियाच्या किनाऱ्यावर पिकोवाल्यांनी ते आधीच वाजवून गाजवलं होतं. शकिराचं गाणं आलं तेव्हा चोरीची ओरड झाली, मग मूळ रचनाकारांशी तडजोड झाली, श्रेय मिळालं. म्हणजे ओरड करणारे चूक नव्हते. पण तिच्या 'लोका' या गाण्याचं प्रकरण उलटं. त्यावरही चोरीचा दावा झाला. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने २०१४मध्ये त्याच्या स्पॅनिश आवृत्तीविरुद्ध निकाल दिला आणि २०१५मध्ये तो फिरवला, कारण पुरावा म्हणून आणलेली कॅसेट बनावट ठरली. तेव्हा सरसकट चोर म्हणू नका आणि सरसकट देवीही करू नका. श्रेयनामावली वाचा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे गळा दहा मिनिटांत. ठीक.

छातीतल्या आवाजात स्वरतंतू जाड राहून एकमेकांवर पूर्ण मिटतात. वरच्या पातळ आवाजात ते ताणले जातात, फक्त कडा थरथरते. मधला सांधा झाकायला गायक वर्षं घालवतात. शकिरा तो सांधा उघडा ठेवते: अक्षराच्या शेवटी पकड झटकन सोडते आणि सूर वर उडी मारतो. किशोरकुमारच्या यॉडलिंगचीच ही यंत्रणा. त्यांनी ती लांबवली, ही ती एका अक्षरात उरकते. 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर'मधल्या 'ले-लो-ले-लो'त स्पष्ट ऐकू येते. दुसरी खूण, स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी कंठ क्षणभर बंद करून मग फोडणे. तिसरी, खालच्या पट्टीत थोडा नाकाचा सूर. नक्कल करणारे फक्त तिसरी उचलतात, वर जोराने कंप देतात आणि शेळी ओरडते. उडीसाठी जोर वाढवायचा नसतो, सोडायचा असतो. हळू आवाजात 'आ' खालून वर न्या, जिथे फुटतो तिथे फुटू द्या. घसा खवखवला की त्या दिवशी बंद.

या गळ्याची किंमतही असते. नोव्हेंबर २०१७मध्ये तिच्या उजव्या स्वरतंतूत रक्तस्राव झाला. तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटते, तो सुजतो, जड होतो, जोडीदाराबरोबर थरथरत नाही. उपाय पूर्ण मौन. कुजबुजणं म्हणजे मौन नव्हे, त्यानेही ताण पडतो. गायकांनी ॲस्पिरिनही डॉक्टरला विचारूनच घ्यावी, कारण रक्त पातळ होतं. दौरा पुढे ढकलला आणि जून २०१८मध्ये हॅम्बुर्गपासून सुरू झाला. २ फेब्रुवारी २०२०ला, वाढदिवशीच, मायामीत सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, तिने जीभ हलवून अरबी बायका लग्नात काढतात तो उल्लासाचा आवाज काढला. लोकांनी जिभेची चेष्टा केली. पुन्हा तेच, कान नाही.

जानेवारी २०२३च्या, अर्जेंटिनाचा निर्माता बिझारॅप याच्या ५३व्या सेशनमधल्या तिच्या गाण्यावर बोलायचं होतं, राहिलं. घरी एवढं करा: 'ओहोस आसी' १९९८च्या अल्बममधलं ऐका आणि लगेच १२ ऑगस्ट १९९९ला मुद्रित झालेलं एमटीव्ही अनप्लग्ड या मैफलीतलं, इअरफोन लावून. अरबी ओळींकडे लक्ष ठेवा. प्रश्न असतील तर आत्ता दोन घेतो, बाकीचे चहाच्या वेळी.