लाइट बंद आहे, असं कुणी सांगितलं?

मंडळी, घरातल्या बाकी खोल्यांचं वायरिंग वायरमन एकटा करून मोकळा होऊ शकतो. स्वयंपाकघराचं तसं नाही. तुम्ही वायरमन वायरीसाठी भिंतीत झिरी, म्हणजे खाच, मारत असता तेव्हा प्लंबर सिंकची लाइन टाकत असतो, सुतार मापं घेत असतो, टाइलवाल्याला घाई असते आणि ओट्याचा दगड दारात येऊन पडलेला असतो. ज्याला त्याला आपापलं काम चांगलं येतं. घोळ होतो तो एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे. आज बोलायचंय ते त्या सांध्याबद्दल.

पहिली गोष्ट, छिन्नी हातात घेण्याआधी उपकरणाची पाटी वाचा. पाटी म्हणजे मागे किंवा दाराच्या कडेला वॉट लिहिलेली चकती. उपकरण अजून आलं नसेल तर मॉडेल नंबर मागून घ्या. ‘साधाच ओव्हन आहे हो’ यावर वायर ठरत नाही. ओव्हन 3000 वॉटचा असेल तर 230 व्होल्टवर तो 13 अँपिअर घेतो. चार शेगड्यांचा इंडक्शन हॉब 7000 वॉटच्या घरात गेला की 30 अँपिअर झाले. मायक्रोवेव्हवर मोठ्या अक्षरात 800 किंवा 900 लिहिलेलं असतं, पण तो अन्नाला मिळणारा आकडा. भिंतीतून तो 1200 ते 1500 वॉट ओढतो आणि आपलं गणित त्यावर करायचं. फ्रिजचा लोड किरकोळ, पण त्याचं सर्किट वेगळं ठेवा. दुसऱ्या कुठल्या उपकरणानं ट्रिप झालं म्हणून रात्रभर फ्रिज बंद राहायला नको.

ओव्हनला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका), मोठ्या हॉबला 6 चौरस मिलिमीटर आणि 32 चा एमसीबी, हा साधारण हिशेब. लांबी जास्त असेल किंवा एकाच पाइपात चार सर्किटं कोंबली असतील तर वायर आणखी जाड घ्यावी लागते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठा बसवणारे भेटतात. एमसीबी भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर तीच ठेवून तो वाढवला, की जळायची पाळी वायरीवर येते.

आता सैल जोडाकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे. समजा, सॉकेटच्या एका स्क्रूखाली वायर नीट दाबली गेली नाही आणि तिथे 0.1 ओहमचा रोध तयार झाला. ओव्हनचे 13 अँपिअर त्यातून जाताना तिथे जवळजवळ 17 वॉट उष्णता होते. हॉबचे 30 अँपिअर गेले तर 90 वॉट, म्हणजे कथलाचा डाग द्यायच्या चांगल्या दमदार सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लास्टिकच्या बंद डबीत. एमसीबी पडत नाही, कारण करंट तेवढाच आहे. आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळाला की पडणारा खटका, तोही पडत नाही, कारण गळती नाही. आधी वास येतो, मग सॉकेट पिवळं पडतं.

आणि हा जोड सैल करतो कोण? बहुतेक वेळा टाइलवाला, आणि त्यात त्या बिचाऱ्याची चूक नसते. तुम्ही सॉकेट लावून गेलात. त्याला टाइल कापून बसवायची आहे, म्हणून तो प्लेट सोडतो आणि सॉकेट वायरीला लोंबकळत ठेवतो. टाइल आणि चिकटवणाऱ्या मसाल्यामुळे भिंत पुढे आली आणि डबी आत गेली. मग सॉकेट ढकलून, पिळून परत बसवलं जातं. स्क्रूत सिमेंटची धूळ शिरते ती वेगळीच. म्हणून टाइल होईपर्यंत डबीत फक्त वायरींची टोकं टेप लावून गुंडाळून ठेवा, सॉकेट नंतर लावा. डबी आत गेली असेल तर लांब स्क्रू वापरा, वायर ताणू नका. बारीक तारांच्या वायरीच्या टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबा. टोकाला कथील लावून स्क्रू आवळायची सवय असेल तर मोडा. दाबाखाली कथील हळूहळू सरकतं आणि जोड पुन्हा ढिला होतो. प्रत्येक वायर आवळल्यावर ओढून बघा. एवढं तरी कराच.

सुताराचं दुखणं वेगळं. त्याला कपाट टांगायला भिंतीत स्क्रू मारायचेच आहेत. वायर कुठून गेली ते त्याला दिसत नाही, आणि आपण ती तिरकी नेली असेल तर अंदाजही बांधता येत नाही. सॉकेटपासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवी, एवढीच चाल ठेवा. झिरी बुजवण्याआधी भिंतीला मापपट्टी लावून फोटो काढा आणि ते सुताराला स्वतः पाठवा. मालकाकडे दिले की ते तिथेच राहतात.

स्क्रू थेट वायरीत घुसला तर धडाका होतो आणि सगळ्यांना कळतं. जास्त भीती नुसतं आवरण खरवडणाऱ्या स्क्रूची. त्या दिवशी काहीच होत नाही. पुढे कधीतरी तिथे ओल पोचते. म्हणून मेगरची, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या मीटरची, चाचणी कपाटं लागल्यावर पुन्हा करा. एमसीबी बंद, सगळी उपकरणं काढलेली, 500 व्होल्ट डीसी. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर नापासच. पण कपाटं लागण्याआधी 200 दाखवणारं सर्किट आज 2 दाखवत असेल, तर ‘पास झालं’ म्हणून पुढे जाऊ नका. मधे भिंतीला कुणी हात लावला ते शोधा.

सॉकेट उपकरणाच्या पाठीमागे नको, हे सुताराशी आधीच बोलून घ्या. ओव्हन आणि डिशवॉशरचं सॉकेट शेजारच्या कपाटात, हात पोचेल असं. सिंकखाली असेल तर पाण्याच्या जोडांच्या वर, आणि ड्रॉवरची पाठ जिथे घासते तिथे तर मुळीच नको.

प्लंबरशी एक व्यवहार पक्का करून घ्यायचा: नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडायचं नाही. जुन्या कामांत ते सर्रास सापडतं. प्लंबर धातूच्या पाइपाचा एक तुकडा काढून प्लास्टिकचा टाकतो, आणि ओव्हनच्या बॉडीचं अर्थिंग कुणालाही न कळता तुटतं. दिवे लागतात, ओव्हन तापतो, सगळं छान चाललेलं दिसतं.

आता ‘बंद आहे’ या शब्दांबद्दल. चार जण काम करत असताना ‘लाइट बंद आहे’ असं कुणी सांगितलं, तर त्याचा अर्थ एवढाच की मघाशी कुणीतरी कुठलातरी खटका खाली केला होता. टाइलवाल्याचं कटर बंद पडलं की तो जाऊन वर करणार, त्याला तुमचा हात कुठे आहे ते माहीत नाही. एमसीबीला कुलूप लावायची छोटी क्लिप मिळते. ती लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवा. मग दोन टोकांच्या टेस्टरनं आधी चालू जागी तपासा, मग आपल्या वायरीवर, मग पुन्हा चालू जागी. मधेच टेस्टर मेला असेल तर या तिसऱ्या वेळी कळतं. निऑनच्या स्क्रू-टेस्टरवर जीव टांगू नका. भर उजेडात तो लागलेला दिसत नाही, आणि न्यूट्रल तुटलेली असेल तर दोन्ही छिद्रांत पेटतो.

टाइलवाल्याला आणि सुताराला वीज लागणारच, ती नाकारली तर ते उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसतील. तेव्हा कामाच्या सुरुवातीलाच त्यांच्यासाठी वेगळी तात्पुरती लाइन द्या, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर. पाण्याचं कटर त्यावरच चालवायचं. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडून वापरायला सांगा, गुंडाळलेलं रीळ आतून तापतं. आणि हेही सांगा, की आरसीसीबी गळती पकडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर माणूस त्याच्या दृष्टीनं नुसता एक लोड असतो.

एक चिठ्ठी आली आहे: नवा ओव्हन पहिल्याच दिवशी आरसीसीबी पाडतो, वायरिंग तर तपासलंय, मग काय? ओव्हन काढून सर्किट मेगरवर बघा. सर्किट चांगलं असेल तर हीटरकडे वळा. त्याच्या नळीतली पांढरी भुकटी मॅग्नेशियम ऑक्साइडची असते, आणि ओव्हन गोदामात बरेच दिवस पडून राहिला की ती दमटपणा शोषते. प्रत्येक हीटरचं टोक सोडवून बॉडीशी वेगवेगळं मोजा म्हणजे नेमका कोणता ते सापडतं. ओल असेल तर हीटर वाळवता येतो, पण नव्या ओव्हनचं ते काम कंपनीच्या माणसाला करू द्या. तो येईपर्यंत आरसीसीबीला बगल देऊन ओव्हन सुरू करून दाखवायचा नाही, मालक दारात उभा राहिला तरी.