‘साधा फोन’ म्हणजे नेमका कोणता?

परवा आईला घेऊन मोबाईलच्या दुकानात गेलो होतो. पोऱ्यानं विचारलं, “आजींना साधा दाखवू का टच?” आई म्हणाली, “साधा आहे की घरी, वायरीचा!” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मोबाईल नवा होता तेव्हा ‘साधा फोन’ म्हणजे घरातला. ‘लँडलाईन’ हा शब्दही आपल्या तोंडी मोबाईल आल्यावरच बसला. त्याआधी तो नुसता ‘फोन’ होता. टच आले आणि ‘साधा’ही सरकला, बटणाच्या डबड्यावर जाऊन बसला.

खरी गंमत ‘वायरलेस’ची आहे. आमच्या लहानपणी वायरलेस म्हटलं की पोलिसांची जीप आणि तिच्यातली ती खरखर. कागदोपत्री ‘बिनतारी संदेश’. पुढे काही घरांत कॉर्डलेस आला. तो कानाला लावून गॅलरीत उभं राहायचं, शेजाऱ्यांना दिसेल असं. जिना उतरलात की आवाज तुटायचा, ते वेगळं. त्यालाही तार नव्हतीच, पण त्याला कुणी वायरलेस म्हटलं नाही. तो शब्द पोलिसांचा. मग 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. सगळा देश हळूहळू बिनतारी झाला, आणि त्या यंत्राला आपण बिनतारी म्हणालोच नाही! आज दुकानात ‘वायरलेस’ मागा, इअरफोन पुढ्यात येतील.

सावरकरांचा ‘दूरध्वनी’ निदान सरकारी पत्रांत रुळला. त्याच्यावरून बेतलेला ‘भ्रमणध्वनी’ मला भेटतो तो लग्नपत्रिकेत, खाली, मामांच्या नंबराआधी. “माझा भ्रमणध्वनी चार्जिंगला लाव” असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शब्द वाईट नाही, पण तो ध्वनीला धरून बसला, आणि यंत्रात ध्वनीच मागं पडला. “सारखा फोनवर असतो” ही तक्रार पूर्वी बोलण्याची होती, आता बघण्याची आहे. मुलगा तासभर तोंडातून अवाक्षर काढत नाही आणि आई म्हणते, फोनवर आहे.

आणि ‘मिस कॉल’. इंग्रजीत तो चुकतो, मराठीत तो देतात. सुरुवातीला येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे, म्हणून समोरचा उचलायचाच नाही. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, तरी लावणाऱ्याचे पैसे जातच होते. म्हणून एक रिंग म्हणजे खाली ये, दोन म्हणजे पोचलो, अशी प्रत्येकाची लिपी ठरलेली. आता महिन्याच्या रिचार्जमध्ये हवं तितकं बोला. तरी नव्या ओळखीत आपण म्हणतोच, “एक मिस कॉल द्या, म्हणजे नंबर सेव्ह करतो.” पैसे वाचवण्याचं काम संपलं, तर त्यानं ओळखपत्राचं धरलं.