चुकारा हातात येण्याआधी

नमस्कार मंडळी.

कापूस वेचणीची पूजा, आपलं सीतादही झालं, पहिला वेचा घरात आला. आता काही दिवसांत कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकासमोर रांगेत लागतील आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, खात्यात जमा होईल. शहरातल्या नोकरदाराची जशी महिन्याची एक तारीख, तशी आपली चुकाऱ्याची. त्याची वर्षातून बारा वेळा येते, आपली एकदा, फार तर दोनदा. मधल्या काळात दवाखाना थांबत नाही, पोरांची फी थांबत नाही, मिरगाचं बियाणं तर मुळीच थांबत नाही. म्हणून ‘चुकारा आला की देतो’ हे वाक्य आपल्या तोंडी बसलेलं आहे. या एका वाक्यावर पैसे देणारे लोक पूर्वी गावात दोन-तीन असायचे. आता ते खिशातल्या मोबाइलमध्येही जाऊन बसले आहेत.

मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो, बत्तीस वर्षं. यवतमाळ जिल्ह्यातल्या चार गावांच्या खतावण्या माझ्या अक्षरात आहेत. निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन ओट्यावर येतात. ‘काका, हे काय लिहिलं हाये, वाचून सांगा न जी.’ वाचता वाचता मला एक गोष्ट दिसत आली. पैसे मागणारा जो आकडा सांगतो, तो आकडा आपण पंचांगातल्या तिथीसारखा मान्य करतो. बाजारात वांगी घेताना काट्याकडे डोळे लावून बसणारा माणूस इथे काटाच बघत नाही. म्हणून आज सांगायचं ते हेच, की चुकारा हातात यायच्या आधी हिशेब मागा. कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. सगळी नोकरी वसुलीत गेली, माझ्या तोंडी ते शोभणारही नाही.

आता दिव्याखालचा अंधार सांगतो. २०१६ च्या पावसाळ्यात घरच्यांचं ऑपरेशन निघालं. सोसायटीचं पीककर्ज वावरात गेलेलं, पगार चार महिने थकलेला. तालुक्याच्या गावातल्या एका माणसाकडून मी ४०,००० रुपये घेतले. त्याचं नाव सांगत नाही, त्याची मुलंबाळं आता चांगली नांदत आहेत. दर शेकडा पाच रुपये, महिन्याचा. कोऱ्या स्टॅम्पवर सही केली, दोन कोरे चेक दिले. दुसऱ्यांना ‘कोऱ्या कागदावर सही करू नका’ म्हणून सांगणारा मी, पण दवाखान्याच्या दारात माणसाला स्वतःचंच शहाणपण आठवत नाही.

दर महिन्याला २,००० रुपये देत गेलो. तेवीस महिने. म्हणजे ४६,००० झाले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘सचिवसाहेब, हे तर व्याज झालं. मुद्दल तसंच हाये.’

त्या रात्री मी खतावणीचं कोरं पान काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं खातं मांडलं. २०१४ सालापासून आपल्याकडे महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम आहे. त्याखाली शासनाने दर ठरवून दिले आहेत. शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर ९ टक्के, बिनतारणी कर्जावर १२ टक्के. शेतकरी नसलेल्याला १५ आणि १८. हे सगळे दर वर्षाचे आहेत बरं का, महिन्याचे नव्हेत. चाळीस हजारांवर बारा टक्क्यांनी महिन्याचे ४०० रुपये होतात, मी पाचपट देत होतो. मग पहिल्या हप्त्यातून आधी ४०० व्याजाचे, उरलेले मुद्दलाला, पुढच्या महिन्यात कमी मुद्दलावर व्याज, असं उतरवत गेलो. तेविसाव्या हप्त्याला खातं शून्यावर आलं आणि वर माझेच काही रुपये निघाले. तो म्हणत होता चाळीस हजार बाकी.

दुसरी एक गोष्ट त्याच कायद्यात आहे, जी आपले आजोबा न शिकता जाणत होते. दामदुपट. व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. माझ्या मुद्दलाएवढं व्याज तर त्याच्या स्वतःच्या हिशेबानेही विसाव्या महिन्यातच पुरं झालं होतं. शिवाय चक्रवाढ लावता येत नाही. रकमेची जागा कोरी ठेवून कागद लिहून घेणं हाच गुन्हा आहे. दिलेल्या पैशाची पावती द्यावी लागते. आणि सावकारीला परवाना लागतो. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परवाना नसेल तर कोर्ट त्याच्या बाजूने वसुलीचा हुकूम देत नाही. माझ्या त्या माणसाकडे परवाना होता का? कसला परवाना!

अशा सावकारीविरुद्ध अर्ज द्यायचा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकारी संस्थांचं जे ऑफिस असतं तिथे. जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. म्हणजे माझंच सहकार खातं. ज्या जिन्यावरून सोसायटीचे ऑडिटचे कागद घेऊन मी हजारदा चढलो असेन, त्या जिन्यावर त्या दिवशी पाय उचलत नव्हता. ओळखीचा क्लार्क म्हणाला, ‘काका, कोणाचा अर्ज आणला?’ मी म्हटलं, ‘माझाच.’ ही लाज मी का सांगतो आहे? कारण माझ्या ओट्यावर येणाऱ्या दहांतले आठ लोक याच लाजेपायी दोन-तीन वर्षं उशिरा येतात आणि तोवर आकडा फुगलेला असतो.

चौकशीची नोटीस गेली आणि आठवडाभरात मध्यस्थ घरी आला. स्टॅम्प परत, एक चेक परत. दुसरा सापडत नाही म्हणे. मी बँकेत जाऊन त्या नंबरचं पेमेंट थांबवायचं पत्र दिलं, त्यावर शिक्का घेतला.

ज्यांनी चेक दिले आहेत त्यांना यापुढचं लक्ष देऊन ऐकायचं आहे. कर्ज थकलं एवढ्यावरून पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला असतो. चेक परत गेला तर मात्र फौजदारी कलम लागतं. तशी वकिलाची नोटीस हातात पडली की पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस उशाखाली ठेवू नका. कोरा चेक तारणाला घेतला होता, आकडा नंतर भरला, हे सांगायचं असेल तर त्याच मुदतीत लेखी उत्तर गेलं पाहिजे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आणि जप्तीची धमकी. ‘बैल सोडून नेतो’ हे वाक्य अजूनही गावात ऐकू येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० काय सांगतं? शेतकऱ्याच्या पोटापाण्याला लागणारी अवजारं, बैल, बियाणं, एवढंच काय बाईचं मंगळसूत्र, कोर्टाच्या हुकमानेही जप्त करता येत नाही. जे कोर्टाला करता येत नाही ते गल्लीतला माणूस कुठून करणार?

जमिनीचा मामला याहून गहिरा. पैसे उसने घ्यायचे आणि तारण म्हणून दोन एकराचं खरेदीखत करून द्यायचं, तोंडी बोली अशी की पैसे फेडले की वावर परत. पैसे फिटतात, वावर परत येत नाही. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव आणि आपण आपल्याच धुऱ्यावर मजुरीला. अशा व्यवहारासाठी कायद्यात कलम १८ आहे. सावकारीच्या ओघात गेलेली जमीन, व्यवहार अर्जाच्या मागच्या पंधरा वर्षांतला असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे मागता येते. ते चौकशी करतात, खरेदीखत सावकारीतलंच होतं असं दिसलं तर ते रद्द ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतात. पुरावा काय? त्याच माणसाने गावात आणखी पाच जणांची अशीच खरेदीखतं केली असतील, तो पुरावा. बाजारभावाच्या चौथाई किमतीत खरेदी झाली आणि ताबा मात्र तुमच्याकडेच राहिला, तोही पुरावा. पेरणीच्या पावत्या जपा.

सावकाराला समोरासमोर बसवून हिशेब करणं आपल्या मातीला नवं नाही. मध्यप्रांतात १९३३ सालीच कर्ज लवादाचा कायदा झाला होता, ऋणको आणि धनको मंडळापुढे बसून आकडा ठरवत. माझे आजोबा त्या लवादाच्या गोष्टी सांगायचे, बहुतेक वाढवून.

आता मोबाइलकडे येतो. शेजारच्या पोराने ॲपवरून कर्ज घेतलं. मंजूर ५,०००, खात्यात आले ३,२००, बाकीचे प्रोसेसिंगच्या नावाने आधीच कापले. सात दिवसांनी ५,००० भर. मी कागदावर मांडून दाखवलं. ३,२०० वर आठवड्याला १,८०० म्हणजे शेकडा छप्पन्न रुपये. माझा तो पाच टक्केवाला वर्षभरात शेकडा साठ घ्यायचा. वर्षभराची सावकारी या ॲपने सात दिवसांत उरकली! पोरगं म्हणालं, ‘काका, मग तो मानूस बराच म्हना.’ मी काय बोलणार. त्याने पहिलं फेडायला दुसरं ॲप उघडलं, दुसऱ्यासाठी तिसरं. तेवढ्यात त्याच्या मामाला, गुरुजींना, सासुरवाडीला फोन सुरू झाले, कारण ॲप घेताना ‘परवानगी आहे’ वर बोट दाबून फोनमधले सगळे नंबर त्यानेच देऊन टाकले होते.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथे स्पष्ट आहेत. ॲपच्या मागे खरं कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोण, तिचं नाव दिसलंच पाहिजे. पैसे तिच्याकडून थेट तुमच्या खात्यात यावेत आणि थेट तिच्याच खात्यात परत जावेत. सही करण्याआधी मुख्य तथ्य पत्रक मिळालं पाहिजे, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. घेतल्यावर पस्तावलात तर किमान एक दिवस दंडाशिवाय परत करायची मुभा असते. तुमच्या फोनमधले नंबर, फोटो घ्यायचा ॲपला अधिकार नाही. आता ज्या ॲपवर कंपनीचं नावच नाही, त्याला हे नियम ऐकवून उपयोग नाही. तिथे धमक्यांचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, १९३० वर फोन करा आणि ठाण्यात तक्रार द्या. फोटो बिघडवून पाठवण्याची धमकी आली तर आधी घरच्यांना सांगा. कोणा अनोळख्याने फोटो पाठवण्याआधी घरच्यांना ठाऊक असलं की त्याच्या हातातलं हत्यार बोथट होतं.

बचत गटाच्या बायांनो, तुमच्याकडे सोमवारी एका मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता, बुधवारी दुसरीचा, शुक्रवारी तिसरीचा. एकीचे पैसे उचलून दुसरीला देताना आठवडा कसा संपतो ते तुम्हालाच ठाऊक. २०२२ पासून नियम असा आहे, की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणून चौथं कर्ज देताना कंपनीने तुमचं उत्पन्न काय लिहिलं, ते विचारा. मी पाहिलेल्या एका कार्डावर मजुरीला जाणाऱ्या बाईचं उत्पन्न महिना २४,००० लिहिलेलं होतं. ती हसली आणि मग रडली. वसुलीवाला सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर येऊ शकत नाही. दोनदा लागोपाठ तुम्ही ठरल्या ठिकाणी गेला नाहीत, तरच तो घरी येऊ शकतो. शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, चावडीवर नाव लावणं नाही. तो रात्री आठला ओसरीवर बसला तर तारीख, वेळ, त्याचं नाव वहीत लिहा. त्याच्यासमोरच लिहा. बराच फरक पडतो.

बँक, कंपनी कोणाशीही आकड्याचा वाद असेल तर आता कागद-पेन घ्या, सांगतो तसं लिहा.

‘माझ्या अमुक नंबरच्या कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण उतारा द्यावा. त्यात मुद्दल, व्याज, दंड आणि इतर आकार वेगवेगळे दाखवावेत. मी भरलेल्या पुढील पावत्या आपल्या हिशेबात दिसत नाहीत. उतारा मिळेपर्यंत सांगितलेली बाकी मला मान्य नाही. कळवायचं ते लेखी कळवावे.’

खाली तारीख, सही. स्पीड पोस्टाने पाठवा किंवा हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते. फी नाही, वकील लागत नाही, माहितीचा फोन १४४४८. आणि तडजोड ठरली तर पैसे भरण्याआधी तडजोडीचं पत्र, भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला. तोंडी तडजोडीवर एक रुपया देऊ नका. हप्ता वसुलीवाल्याच्या स्वतःच्या फोन-पेवर तर कधीच नाही.

राहता राहिलं पुढच्या हंगामाचं. सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडतं, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची राज्याची योजना त्यासाठीच आहे. चुकारा आला की तिथलं खातं आधी नवंजुनं करा, म्हणजे जुनं फेडून नवं उचला, पाच टक्केवाल्याला थोडं थांबवा. तो चिडेल. चिडला तर हिशेब मागा.

माझा तो दुसरा चेक अजून सापडलेला नाही. त्याचा नंबर मी खतावणीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे, बँकेच्या शिक्क्याचं पत्र त्याच पानात घडी करून आहे. दर दिवाळीला साफसफाईत वही खाली निघते, घरचे विचारतात हे फेकायचं का, आणि मी ती परत फळीवर ठेवतो.

नमस्कार.